बोंबलाच्या जागी मोजा

माझ्या गाण्यावर नाचलेली माणसं मला अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठेही भेटतात. बँकेत, दातांच्या दवाखान्यात, मेडिकलच्या काउंटरवर. चेहरा त्यांना आठवत नाही, पण मी तोंड उघडलं की आवाज ओळखतात आणि म्हणतात, तुम्हीच ना त्या, आमच्या हळदीला तुमचंच गाणं होतं. मी हो म्हणते. पूर्वी बरं वाटायचं. आता त्या प्रत्येकाला विचारावंसं वाटतं, तुमच्या घरात मासे चालतात का हो?

असं का वाटतं ते सांगते.

मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आई अजूनही बाजारात मासळी घेऊन बसते. विशीत असताना मी ऑर्केस्ट्रात गायचे, तिथून एका कॅसेट कंपनीने उचललं आणि कोळी ठेक्यावरचं एक पॉप गाणं माझ्याकडून गाऊन घेतलं. कंपनीला गाणारी हवी होतीच, पण कोळीण जास्त हवी होती. व्हिडिओसाठी मला आखूड लुगडं नेसवलं आणि डोक्यावर टोपली दिली. टोपलीत थर्माकोलचे मासे होते, चंदेरी रंग मारलेले. मी खरी पापलेटं आणते म्हटलं तर दिग्दर्शक हसला. लाइटखाली वास मारतील, म्हणाला. मला तेव्हा काही लागलं नाही. शूटिंग होतं, मीही हसले.

गाणं धो धो चाललं. हळदीत, मिरवणुकीत, नवरात्रात. पुढची बरीच वर्षं मी तेच गात फिरले. मग कंपनीला माझ्याहून तरुण मुलगी मिळाली, तिने तेच गाणं नव्या म्युझिकवर गायलं, आणि मी उद्घाटनं, बक्षीस समारंभ, प्रमुख पाहुणी या रांगेत जाऊन बसले.

तशीच एकदा कांदिवलीच्या एका शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणी होते. माझ्या सन्मानार्थ बालवर्गाने माझंच गाणं बसवलं होतं. त्या गाण्यात एक बाई सांगते की दर्यावरून आलेला नाखवा तिच्या कमरेवरून नजर काढत नाही. आणि पाच-सहा वर्षांच्या पोरी ओठ लाल करून, गालांवर चमकी लावून, नेमक्या त्या ओळीला कंबर उडवत होत्या. खाली पालक मोबाइल उंच धरून शिट्ट्या मारत होते. माझ्या शेजारची बाई, बालवर्गाची शिक्षिका, कौतुकाने माझ्या कानाशी लागली. या स्टेपवर आम्ही फार मेहनत घेतली, म्हणाली.

माझं डोकं सणकलं. गाणं मोठ्या माणसांचं होतं. मी ते मोठ्यांसाठी आवडीने गायले होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण त्या पोरींना ते कुणी दिलं, आणि देताना एकालाही काही वाटलं नाही? कार्यक्रम संपल्यावर मी त्या शिक्षिकेला बाजूला घेऊन बोलले. जरा जास्तच बोलले असेन. तिचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही.

"मग तुम्ही द्या ना मॅडम," ती म्हणाली. "मराठीत लहान मुलांचं म्हणून जे आहे ते आमच्या आईच्या वेळचं आहे. माझ्या वर्गातल्या पोरांनी ना विहीर बघितलीय, ना मोट. त्यांना कसला ठेका धरायला सांगू?"

घरी परतताना रिक्षात मी तिच्यावर चिडत राहिले, कारण तिचं बरोबर होतं.

ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासूनचा माझा एक दोस्त आहे, कीबोर्ड वाजवतो. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुटुंब चारकोपच्या सेक्टरात आलं. तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात त्याने रेकॉर्डिंगची खोली केली आहे. भिंतीपलीकडे पुठ्ठ्याचे खोके कापायचं मशीन चालतं, त्यामुळे मशीन बंद असेल तेव्हाच गायचं. मी त्याला म्हटलं, पोरांची गाणी करू. तो म्हणाला, यार, तुला बरं नाही का? पण दुसऱ्या दिवशी त्याने चाल काढून ठेवली होती.

पहिली गाणी भिकार झाली. मी आवाज बारीक करून, गोड गोड करून गायचे, फुलपाखरं, परी असलं काहीबाही लिहायचे. आमच्या गल्लीतल्या पोरांना जमवून ऐकवलं तर एक मुलगा मधेच उठला, मोरीत जाऊन आला, आणि म्हणाला, संपलं का? हजारोंच्या समोर गायलेली बाई मी. इतकी कधी पडले नव्हते.

मग मी लिहायचं थांबवून पोरांकडे बघत बसले. आमच्याकडे समुद्राच्या बाजूला बोंबील वाळत घालतात. बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. पोरं त्या दोऱ्यांखालून पळत असतात. त्यातल्या दोन मुली एकमेकींच्या कोपरात कोपर अडकवून लोंबकळल्यासारख्या झुलत होत्या, जमिनीवर उभ्या राहूनच. मी विचारलं काय करता, तर म्हणाल्या, आम्ही बोंबील झालो. गाणं तिथेच झालं:

एक बोंबील, दुसरा बोंबील,
जबड्यात जबडा घातला रे.
ऊन म्हणालं, उतरा खाली,
वारा म्हणाला, थांबा रे.

पुढे कावळा येतो, मांजर येतं, आणि दर वेळी जोडी घट्ट धरून राहते. पोरं कोपरात कोपर घालून झुलतात आणि "थांबा रे"ला एवढ्या जोरात ओरडतात की गाणारीचा आवाज ऐकू येत नाही. दोस्ताने ऐकलं आणि म्हणाला, झकास, यात तू कमी गा, पोरांना गाऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला कमी गा म्हटलं आणि मी ऐकलं.

ते घेऊन आम्ही फिरायला लागलो. देवनारच्या बालवाडीत, कुर्ल्याच्या एका वाचनालयात, चारकोपच्या मैदानावर. लिफ्टचं गाणं होतं, एसीवर घरटं करणाऱ्या कबुतराचं होतं, पण पोरं बोंबीलच मागायची. मोठ्यांना मात्र माझी दया यायला लागली. ऑर्केस्ट्रातली एक जुनी गायिका फोन करून विचारत होती, घरी सगळं ठीक आहे ना. जणू पोरांसाठी गाणं हा एखादा आजार आहे. आईचंही तेच. तिला माझं जुनं गाणंच आवडतं. बाजारात शेजारच्या बायका ते लावायच्या तेव्हा ती मान ताठ करून बसायची. ही बोंबलाची गाणी कसली, म्हणाली, बोंबील काय आपण रोज बघतो.

मग मुलुंडच्या शाळेचं बोलावणं आलं. इंग्रजी माध्यमाची शाळा, मोठी, चकचकीत. गॅदरिंगला बालवर्गाचा पूर्ण कार्यक्रम मराठीत करायचा होता, माझी गाणी, मी स्वतः स्टेजवर मुलांबरोबर. मुख्याध्यापिका स्वभावाने चांगल्या वाटल्या. मी आणि दोस्त आठवड्यातून दोनदा जायला लागलो. मुलं हुशार होती. बोंबील म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नव्हतं. मी फळ्यावर काढून दाखवला, लांबुळका, मऊ, मोठ्या जबड्याचा. त्यांना तो फार आवडला. पुढच्या वेळी काही जणांनी घरून बोंबलाची चित्रं काढून आणली, एकाने त्याला चष्मा लावला होता.

गॅदरिंग जवळ आलं तेव्हा मुख्याध्यापिकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. तिथे एक गृहस्थ बसले होते, पालकांचे प्रतिनिधी. त्यांची मुलगी माझ्या पहिल्या रांगेत असायची. मला बघून ते उठून उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले की त्यांच्या लग्नात वरातीला माझंच गाणं वाजलं होतं, अजून व्हिडिओ आहे. ते मराठीच होते. हे मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट सांगितली की लोक लगेच दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवतात.

गाणं छानच आहे, ते म्हणाले. फक्त काही पालकांचं म्हणणं आहे की बोंबलाच्या जागी दुसरं काही घेता येईल का. भेंडी वगैरे. मुलं घरी जाऊन गातात. त्यांची मुलगी जेवायला बसली की बोंबील हवा म्हणते, खिडक्या उघड्या असतात, शेजारी ऐकतात.

मी विचारलं, तुम्ही मासे खात नाही का?

"खातो ना," ते म्हणाले. "बाहेर खातो. घरी करत नाही, आमच्या सोसायटीत चालत नाही. मुलीला अजून सांगितलेलं नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आईबाप काय खातात हे मुलीला माहीत नाही, आणि ते लपून राहावं म्हणून माझ्या गाण्यातला मासा काढायचा. मुख्याध्यापिका घाईघाईने म्हणाल्या की शाळा कुणाच्या विरोधात नाही, उलट कोळी डान्स आपण ठेवणारच आहोत, मोठ्या वर्गाच्या मुली करताहेत, कपडे आले आहेत. फक्त टोपल्यांमध्ये मासे नकोत. फुलं ठेवू. स्टेजवर छान दिसतील.

"कोळीण फुलं विकत नाही," मी म्हटलं. आवाज चढू न देता म्हटलं. मग त्या गृहस्थांकडे वळले. "माझी कंबर तुम्हाला वरातीत चालली. माझा मासा तुमच्या पोरीच्या तोंडात चालत नाही."

त्यांचा चेहरा पडला. तुम्ही पर्सनल घेताय, असं काहीतरी पुटपुटले. पर्सनल नाही तर काय? आमच्या घरातली बाई रोज पहाटे धक्क्यावर उभी राहून तोच मासा उचलते. त्यांना माझं लुगडं हवं, ठेका हवा, डोक्यावरची टोपली हवी, आणि टोपली रिकामी हवी.

मी उठणार तेवढ्यात शेजारी बसलेला दोस्त बोलला. "मोजा चालेल," तो म्हणाला. आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून हळूच गायला:

एक मोजा, दुसरा मोजा,
दोरीवरती बसला रे.

चपखल बसत होतं. ऊन, वारा, थांबा, सगळं जसंच्या तसं. मुख्याध्यापिकांचा चेहरा उजळला. गृहस्थ म्हणाले, वा. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

तो मागून धावत आला. शाळेबाहेरच्या फुटपाथवर आमचं भांडण झालं, येणारे-जाणारे बघत होते. तो म्हणत होता की पोरांनी किती दिवस प्रॅक्टिस केली आहे, त्यांचा काय दोष, आणि गाणं मुळात कोपरात कोपर घालायचं आहे, माशाचं नाहीच. मी म्हटलं, तुझ्या आईच्या हातचे तळलेले बोंबील खाऊन तू वाढलास, तुला तोंड कसं उघडवलं?

"मला सवय आहे," तो म्हणाला. "बोरिवलीला भाड्याचं घर घेतलं तेव्हा आम्ही शाकाहारी म्हणून सांगितलं. सुकटीची चटणी आई चारकोपहून करून पाठवते ती डबा बंद ठेवून खातो. कुणी हाकललं नाही मला. तू ओरडून काय करणार आहेस, ते सांग."

हे त्याने अगदी सहज सांगितलं. इतकी वर्षं त्याच्या घरी जात होते. त्याची बायको ऑम्लेट करताना खिडकी लावून घेते ते मला वाऱ्यामुळे वाटायचं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. मला वाटलं, ही तरी भडकेल.

"मोजा त मोजा गो," ती म्हणाली. "गा नि ये. लोकांचे घरान कनाला शिरतंस?"

मग तिनेच सांगितलं, जसं काही मला माहीत नव्हतं, की बाजार उठल्यावर ती लोखंडवालाच्या ज्या टॉवरमध्ये फेरीला जाते, तिथे तिला टोपली घेऊन लिफ्टमध्ये चढू देत नाहीत. गिऱ्हाइकंच खाली पार्किंगमध्ये येतात, पिशवीवर पिशवी घालून घेऊन जातात. तिची काही तक्रार नाही, गुडघे दुखतात, चढायचे कष्ट वाचतात. मला तिचा राग आला. तिला राग येत नाही, याचा आला. मी म्हटलं, तुला कुणी काही म्हटलं तरी चालतं का? ती म्हणाली, कोलंबी धुऊन आण.

शाळेला मी कळवलं की मी स्टेजवर येणार नाही. दोस्त गेला वाजवायला. त्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं.

गॅदरिंगला मी तरीही गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. मुलं माझी होती एका अर्थाने, आणि मनात कुठेतरी होतं की एखादं पोर चुकून बोंबील म्हणेल. मी शेवटच्या रांगेत बसले. आधी मोठ्या मुलींचा कोळी डान्स झाला, टोपल्यांमध्ये झेंडू होता. मग बालवर्ग आला. मुलांनी हातांत रंगीबेरंगी मोजे घातले होते, सगळ्यांना शाळेने आणायला सांगितले असणार. खरं लिहायचं तर फार सुंदर झालं. सूर लागले, ठेका सुटला नाही, "थांबा रे"ला सगळा हॉल हलला. एकही मूल चुकलं नाही. एकानेही बोंबील म्हटलं नाही. मुलं शिकवलेलं म्हणतात. मी दातओठ खात बसले होते आणि आजूबाजूला टाळ्या थांबत नव्हत्या.

बाहेर पडताना गर्दीत त्या गृहस्थांच्या मुलीने मला गाठलं. हातात अजून मोजे होते. तिने सरळ माझ्या कोपरात कोपर घातलं.

"ताई, तू वर का नाही आलीस?"

"गाण्यातला मासा काढला म्हणून," मी म्हटलं.

"कुणी काढला?"

तेवढ्यात तिचे बाबा तिला शोधत आले. मला बघून जागीच थबकले. चल बेटा, उशीर होतोय, म्हणाले. ती हलेना. मी तिचं कोपर सोडवलं आणि तिला सांगितलं की ते बाबांना विचार, त्यांना माहीत आहे. आणि निघाले. त्यांनी तिला काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. सांगायला लागलं असेल एवढं मात्र नक्की, कारण ती पोर ऐकणारी नव्हती.

पुढे जे व्हायचं ते झालं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ पालकांच्या ग्रुपमधून फिरला आणि मोज्याचं गाणं लोकांना माहीत झालं. मुलुंड, भांडुप, ठाणे, कुठून कुठून फोन यायला लागले. ते मोज्याचं गाणं तुमचंच ना, आमच्याकडे कराल का? मी म्हणायचे, माझं गाणं बोंबलाचं आहे, तेच करीन. काही जण फोन ठेवून द्यायचे. काही जण विचारून सांगतो म्हणायचे आणि परत फोन करायचे नाहीत. एका बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मुलांच्या गाण्यात राजकारण आणू नका. बोंबील सुकवण्यात कसलं आलंय राजकारण? ते ज्यांनी आणलं त्यांना कुणी हा प्रश्न विचारत नाही.

दोस्त बऱ्याच दिवसांनी एका दुपारी कोळीवाड्यात आला. माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. आईने त्याच्यासमोर ताट ठेवलं, तो जेवला, काटे काढून बाजूला रचत. मग मोबाइलवर एक नवी चाल ऐकवली. चांगली होती. आम्ही पुन्हा काम करतो. तो मोज्याचं गाणं इतरांबरोबर वाजवतो हे मला माहीत आहे. माझ्याबरोबर वाजवत नाही. त्यावर आम्ही बोलत नाही, आणि पूर्वीसारखं मी त्याच्या घरी उठसूट जात नाही.

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका सोसायटीचं बोलावणं आलं. मी फोनवरच बोंबील सांगितला. कमिटीत चर्चा झाली म्हणे. मग सेक्रेटरीचा फोन आला की चालेल, फक्त ते गाणं सुरुवातीला घ्या, ज्येष्ठ मंडळी खाली यायच्या आत. मी हो म्हटलं. ऊन असतानाच पोहोचलो. गच्ची-गॅलऱ्यांमध्ये लोक चहाचे कप घेऊन उभे होते, पोरं खाली मैदानात. मी त्यांना बोंबील हवेत काढून दाखवला, जोड्या लावल्या. दोस्ताने ठेका सुरू केला. दुसऱ्या कडव्याला तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी गॅलरीतून हात हलवून आवाज कमी करायची खूण केली. सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागला. मी साउंडवाल्याकडे वळले आणि त्याला पोरांचा माइक वाढवायला सांगितला.